लोकाटाच्या बियांची पूड

मष्णूकडे सल्ला मागावा लागत नसे, तो घरपोच मिळे. नोकरी बेळगावात बँकेत, पण नातेवाइकांत स्वतःला वैद्य समजायचा. यंदा दारातलं लोकाटाचं झाड पहिल्यांदाच लगडलं. पिवळ्या फळांचा आंबटगोड गर सगळ्यांनी खाल्ला. उरल्या तुकतुकीत तपकिरी बिया. बेळगुंदी गावात फणसाच्या आठळ्या उकडून अन् चिंचोके भाजून खात वाढलेला माणूस, बी फेकणं त्याला पाप वाटे. त्यानं त्या भाजल्या, मिक्सरला लावल्या आणि पूड, सोबत चार फळं, नंदगडला थोरल्या बहिणीला, बाळाबाई आक्काला पाठवली. गुडघ्यांसाठी, रोज चमचाभर, दुधातून.

रविवारी मुलगी घरी आली. रचना फार्मसी शिकते. पुडीचं ऐकताच तिच्या हातातलं फळ हातातच राहिलं.

"पप्पा, गर खायचा असतो! त्यात अ जीवनसत्त्व हाय, चोथा हाय. बी दळून खाल्ली तर पोटात सायनाइड तयार होतंय."

"पण मी भाजलीया की!"

"भाजल्याचा काय भरवसा न्हाय."

आक्का फोन उचलेना. आई गेल्यावर मष्णूला तिनंच वाढवलं होतं. नंदगडपर्यंत मोटारसायकलवर तो स्वतःलाच शिव्या घालत गेला. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला म्हणतात, तो आपणच!

आक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती.

"आक्का, पूड घेतलीस?"

"व्हय की रं! रोज घेते. लई गुण आलाय बघ."

मष्णूनं तिचा हात धरला. "आक्का, ते इख हाय गं. चल, डॉक्टरकडं चल!" म्हणत तो लहान पोरासारखा रडू लागला.

आक्का ओशाळली. आत गेली अन् पत्र्याचा डबा घेऊन आली. लोकाटाची पूड, मेथीची, जांभळाच्या बियांची, मष्णूनं आजवर पाठवलेल्या सगळ्या पुड्या होत्या. एकीचाही दोरा सुटलेला नव्हता.

"तुझं मन मोडू नये म्हणून व्हय म्हणत आले. एक चमचासुद्धा खाल्ला न्हाय रं कवा."

आपलं कुणी ऐकत नाही, याचा मष्णूला जन्मात इतका आनंद झाला नव्हता. त्यानं आक्काचे पाय धरले.

"फळं मातर लई ग्वाड होती," आक्का म्हणाली. "आणलीस काय?"

रचनानं पिशवी भरून दिली होती. मष्णूनं एकेक फळ सोललं, बिया काढल्या, गर आक्काच्या हातावर ठेवला. मग जीवनसत्त्वाबद्दल सांगायला त्यानं तोंड उघडलं. आक्कानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्यानं त्या उघड्या तोंडात एक लोकाट घातलं.