धुण्याला दिलेले दहा गुण

अठ्ठावीस नंबरच्या प्रश्नाला तिने दहापैकी दहा दिले, एकोणतिसाव्यालाही दहा दिले आणि मग तिचं पेन थांबलं.

ती मूल्यमापक होती, गेली सोळा वर्षं तिचं काम हेच होतं. कारखान्यात जायचं, कागद बघायचे, माणसांशी बोलायचं आणि कारखाना आजूबाजूच्या लोकांसाठी काय करतो याचे गुण मांडायचे. हा कारखाना जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचा आणि त्याच्या विटा पाडायचा. कारभार चोख होता. अठ्ठाविसावा प्रश्न होता: कामाचे कपडे कामगारांच्या घरी जातात का? जात नव्हते. पाळी संपली की कामगार कपडे तिथेच टाकायचे, अंघोळ करायचे आणि घरचे कपडे घालून बाहेर पडायचे. शिशाची भुकटी पोराबाळांपर्यंत जाऊ नये म्हणून हा नियम. एकोणतिसावा प्रश्न होता: परिसरातल्या बायकांना रोजगार दिला का? दिला होता. शेजारच्या वस्तीतल्या बारा बायकांचा गट कामगारांचे कपडे धुऊन द्यायचा.

"हे कपडे धुतात कुठे?" तिने विचारलं.

समोर समाजकार्य विभागाचा अधिकारी बसला होता. तिशीतला, उत्साही. धुण्याची योजना त्याच्याच डोक्यातली, आणि त्या योजनेला मिळालेलं सन्मानचिन्ह त्याच्या मागच्या कपाटावर होतं.

"वस्तीतच मॅडम, आपापल्या अंगणात. घर सांभाळून काम होतं ना."

तो सहज बोलला. तिने मात्र अठ्ठाविसावा प्रश्न पुन्हा वाचला. जेवणाच्या सुट्टीत तिने ताट पुढे ओढलं, परत सारलं. खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली, पुन्हा उठली.

"मला वस्तीत जायचंय," ती म्हणाली.

"आजच्या वेळापत्रकात नाही मॅडम. उद्या गाडीची सोय करतो."

"चालत जाते."

कुंपणाला वळसा घालून जायला दहा मिनिटं लागली. पहिल्याच अंगणात गाठोडी पडली होती. पन्नाशीची एक बाई एकेक सदरा हवेत झटकत होती आणि प्रत्येक झटक्याला करडी धूळ उडत होती. ती गटाची प्रमुख होती. सगळे तिला काकू म्हणायचे.

"झटकता कशाला?"

"नाहीतर पहिल्याच पाण्यात बादली काळी होते," काकू म्हणाली. "पाणी काय फुकट येतं का?"

न झटकलेल्या कपड्यांच्या ढिगावर दोन वर्षांची एक मुलगी पालथी झोपली होती. एका बाहीचं टोक तिच्या तोंडात होतं.

"ही कोण?"

"नात. सुनेची दिवसाची नोकरी, मग ही माझ्याकडेच. हल्ली जेवायचं नाव घेत नाही. सारखं पोट दुखतं म्हणते, किरकिर करते."

मूल्यमापक पुढे झाली आणि तिने मुलीला उचलून कडेवर घेतलं. काकू बघतच राहिली. मग हिने काकूला सांगितलं, सोप्या शब्दांत, जेवढं ठाऊक होतं तेवढं: ही साधी धूळ नाही, लहान मुलांना ती फार लवकर बाधते, त्यांचं रक्त तपासायला हवं.

काकूने नातीला हिसकावूनच घेतलं.

"तीन वर्षं करतोय आम्ही हे. आजवर कुणी काही बोललं नाही. फोटो काढून गेले, भाषणं करून गेले. तुम्ही आज आलात आणि आज सांगताय? आमचं काम घालवायला आलात का? आम्ही तुमचं काय घोडं मारलंय?"

काम जाणार हे हिलाही दिसत होतं.

परतताना तिने आपल्या वरिष्ठांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "हे आपल्या प्रश्नावलीत बसत नाही. शेवटी शेरा लिही आणि मोकळी हो." ती कुंपणाच्या कडेने शंभर पावलं गेली, तेवढीच परत आली, पुन्हा गेली. असे शेरे तिने ढिगाने लिहिले होते. ते कुणी वाचल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

कार्यालयात येऊन तिने दोन्ही दहांवर काट मारली.

"बारा बायका आणि त्यांच्या घरातली मुलं, सगळ्यांचं रक्त तपासा. निकाल येईपर्यंत एकही गाठोडं बाहेर जाणार नाही. तोवर मी अहवालावर सही करत नाही."

अधिकाऱ्याने कागद हातात घेतला. दोन्ही प्रश्न एकाखाली एक वाचले, पुन्हा वाचले, आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे मीच केलंय," तो म्हणाला. "माझ्या डोक्यातच आलं नाही हो. कामगारांच्या मुलांपासून कपडे लांब ठेवले आणि..." धुणं त्याने त्याच संध्याकाळी थांबवलं, कुणाला न विचारता.

निकाल यायला आठ दिवस लागले. तेवढे दिवस तिला धड झोप लागली नाही. फोन वाजला की दचकायची, नाही वाजला तर स्वतःच हातात घेऊन बसायची. नवरा म्हणाला, "अगं, तू काय केलंस? तू तर फक्त बघितलंस." त्या बोलण्याने तिला बरं वाटलं नाही.

नऊ बायकांच्या आणि चार मुलांच्या रक्तात शिसं जास्त निघालं. काकूच्या नातीचं सगळ्यांत जास्त. डॉक्टर म्हणाले, वेळेत कळलं, उपचार होतील, पुढे लक्ष ठेवावं लागेल. उपचारांचा भार कारखान्याने घेतला. तीन महिन्यांत आवारातच यंत्रांचं धुणंघर उभं राहिलं. मात्र त्यात बारापैकी पाचच बायका लागल्या. ज्यांच्या रक्तात शिसं फार, त्यांना घेणं शक्य नव्हतं. काकू त्यांतलीच. वरिष्ठांनी हिला त्या कारखान्यावरून काढून दुसरीकडे पाठवलं. अहवाल दुसऱ्याच कुणीतरी पुरा केला.

तरी एका रविवारी ती वस्तीत गेली. अंगण धुऊन काढलेलं होतं आणि दोऱ्या रिकाम्या होत्या. काकू उंबऱ्यात बसली होती.

"नात कशी आहे?"

"खाते आता," काकू म्हणाली. मग रिकाम्या दोऱ्यांकडे बघत म्हणाली, "सात जणी घरी बसल्यात. तो कारखान्याचा साहेब दर आठवड्याला येतो. उपाहारगृहात दोघींना लावतो म्हणालाय. बाकीच्यांचं बघतो म्हणतो."

"मी त्याच्याशी बोलू?"

"बोला." काकूचा आवाज कोरडा होता. "उपकार मानू की शिव्या देऊ, मला अजून ठरवता येत नाही. मला विचारूही नका."

तिने विचारलं नाही. काकूने तिला बस म्हटलं नाही आणि जा म्हणूनही सांगितलं नाही. घरातून नातीचा चमचा वाटीवर आपटल्याचा आवाज येत होता. ती पायरीवर टेकली, पर्स मांडीवर घेतली आणि अधिकाऱ्याचा नंबर शोधू लागली.