पात्यावरचे झाकण

सद्हेतूने केलेल्या कर्मातून कोणाची हानी झाली, तर ‘माझा हेतू शुद्ध होता’ एवढे म्हणून कर्त्याने मोकळे व्हावे काय? धुळ्याच्या गिरधरनानांपुढे एकाहत्तराव्या वर्षी हा प्रश्न उभा राहिला.

चाळीस वर्षे नानांनी शेतकऱ्याच्या हातातल्या वस्तूंना आकार दिला. फवारणीचा पंप, शेंगा फोडायचे यंत्र, विळ्याची मूठसुद्धा. वस्तूने माणसाला दरडावू नये, त्याच्यावर विश्वास टाकावा, हे त्यांचे व्रत. म्हणूनच जळगावच्या रतिलालच्या कारखान्यासाठी कडबाकुट्टीचे यंत्र आखताना पात्यावरचे झाकण सहज निघेल असे त्यांनी ठेवले. झाकण नसतानाही यंत्र चालत असे.

खंडेनवमीला भिकन नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात अशाच एका यंत्राची पूजा झाली. कुंकू लावायचे ते पात्याला; म्हणून झाकण काढून भिंतीशी टेकवले. पूजलेले पाते लगेच झाकणे कोणाच्याच मनाला येईना. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गुरे हंबरू लागली, तेव्हा भिकनची बायको झुंबरबाई तशीच कडबा सारायला बसली. उजव्या हाताची तीन बोटे गेली.

कळताच नाना जळगावला गेले.

“रतिलाल, झाकणाशिवाय यंत्र सुरूच होणार नाही असा खटका बसव. विकलेल्या यंत्रांनाही.”

“खटका मीच सुचवला होता, नाना! तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘शेतकरी काय शाळकरी पोर आहे?’” रतिलाल हसला, पण ते हसू त्याच्याच तोंडावर टिकले नाही. “नव्यांना बसवतो. पण सहाशे यंत्रे दुकानांतून गेली. ती कोणाच्या गोठ्यात आहेत, मला तरी कुठे ठाऊक?”

नानांनी एक खटका स्वतः घडवला आणि ते भिकनच्या गावी आले. हाताला पट्टी बांधलेली झुंबरबाई ओट्यावर बसली होती.

“माय, चूक माझी आहे,” नाना म्हणाले.

“तुमनी कसानी, नाना? झाकन आम्हीच काढं ना. बसा. आज हाऊ चहा करी,” तिने नवऱ्याकडे मान वळवली, “गोड नही लागना तं मले बोलू नका.”

नानांना हसता आले नाही. त्यांनी खटका बसवला, झाकण काढून बटण दाबले. यंत्र निश्चल राहिले.

भिकनने स्वतः पुन्हा एकदा बटण दाबून पाहिले. “आमनं व्हवानं ते व्हयी गयं, नाना. बाकी गावेसनं कसं?”

त्या क्षणी पलीकडच्या गोठ्यातून कुट्टीची घरघर ऐकू आली. झाकण आहे की नाही, हे आवाजावरून कळणे शक्य नव्हते. नाना लगबगीने तिकडे निघाले. चार पावले गेले नाहीत, तोच दुसऱ्या गल्लीतूनही तसाच आवाज सुरू झाला. आधी कोणीकडे वळावे, हे त्यांना उमजेना. ते वाटेतच उभे राहिले.

ज्यांनी श्रद्धेने पाते उघडे ठेवले त्यांचे, आणि ज्याने विश्वासाने ते उघडू दिले त्याचेही कल्याण असो. गोठ्यागोठ्यांतून कडबा सारणारे सारे हात अखंड राहोत.