दुसरा घाव

पल्लवीच्या तोंडावर हेल्मेटचा पहिला फटका बसला, तेव्हा पेठ रोडच्या मागच्या मैदानावर चाळीसेक मुलंमुली होती. सकाळचे सव्वासहा वाजले होते. सगळे पोलीस भरतीची तयारी करणारे. मारणारा रविराजही त्यांच्यातलाच. सोळाशे मीटरला त्याच्या पुढे कुणी जात नसे. नवी पोरं त्याच्यासारखे केस कापून यायची.

चांगुणा गोळाफेकीच्या वर्तुळात उभी होती, चार किलोचा गोळा मानेला टेकवून. ती हरसूलकडच्या एका पाड्यावरची, तेवीस वर्षांची. आईबाप भात कापून झाला की दिंडोरीकडे द्राक्षबागांत कामाला जायचे. मागच्या भरतीत ती दोन मार्कांनी राहिली होती. देवळ्याची पल्लवी तिच्याच खोलीत राहायची. एकोणीस वर्षांची, बडबडी, आरशासमोर पाऊण तास घालवणारी.

चांगुणाला काहीच माहीत नव्हतं असं नाही. महिन्याभरापूर्वी तिने पल्लवीच्या दंडावरचे डाग पाहून विचारलं होतं.

"बाथरूममध्ये घसरले."

"चार बोटं उमटलीत. बाथरूमला बोटं असतात का?"

पल्लवी हसली. "रविराज चिडतो गं पटकन. पण दुसऱ्या कुणावर चिडतो का? जीव आहे म्हणूनच ना."

चांगुणाने विषय सोडला. तिला धावायचं होतं, पाठांतर होतं, वेळ नव्हता. असं तिने स्वतःला सांगितलं.

त्या सकाळी पल्लवीने मोबाइलचा पासवर्ड बदलला होता, एवढंच कारण. दुसरा फटका कानावर बसला आणि ती खाली कोसळली. रविराजने तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तो तिला मातीवरून बाइककडे फरफटत नेऊ लागला.

"उघड! माझ्यासमोर उघड! कुणाशी बोलतेस दाखव!"

पल्लवीच्या नाकातलं रक्त हनुवटीवरून टी-शर्टवर उतरत होतं. मुलांचे मोबाइल वर झाले. "त्यांचं पर्सनल आहे यार," कुणीतरी म्हणालं.

चांगुणा निघाली तशी सुयशने तिचं कोपर धरलं. हा तिच्याच बॅचचा, शांत मुलगा. "ताई, मध्ये पडू नको. केसमध्ये नाव आलं तर व्हेरिफिकेशनला उडशील. तीन वर्षं घातलीस."

तो खोटं बोलत नव्हता. मैदानावरच्या प्रत्येकाला तीच भीती होती. एक कागद, आणि सगळं संपलं. त्या भीतीनेच सगळे जागच्या जागी उभे होते, आणि क्षणभर चांगुणाही.

तेवढ्यात पल्लवीच्या बरगडीत बूट बसला. ती ओरडलीही नाही, फक्त तिचा श्वास बाहेर पडल्याचा आवाज आला.

"सोड तिला," चांगुणा म्हणाली. गोळा अजून तिच्या हातात होता.

रविराजने वळून पाहिलं आणि हेल्मेट फिरवलं. चांगुणाचा वरचा ओठ फाटला, समोरचे दोन दात तुटून जिभेवर आले. ते तिने थुंकले. त्याने पुन्हा हेल्मेट उचललं, तेव्हा तिने गोळा दोन्ही हातांनी धरून त्याच्या मनगटावर आणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. हेल्मेट मातीत गडगडत गेलं. रविराज गुडघ्यांवर बसला, मोडका हात पोटाशी धरून लहान मुलासारखा रडू लागला.

तिथे थांबता आलं असतं. चांगुणा थांबली नाही. तिने गोळा पुन्हा उचलला आणि त्याच्या खांद्यावर घातला. गळ्याजवळचं हाड आत गेलं. तिला बरं वाटलं. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. तिसऱ्यांदा तिने गोळा त्याच्या डोक्यावर उगारला.

कुणीतरी तिच्या पायाला मिठी मारली. पल्लवी होती. एक डोळा पूर्ण मिटलेला, तोंडभर माती.

"मारू नको त्याला," ती म्हणत होती. "चांगुणा, त्याला मारू नको."

चांगुणाने गोळा बाजूला टाकला. दवाखान्यात तिच्या ओठाला टाके पडले.

दुपारी रविराजचे वडील सरकारी दवाखान्यात आले. आवाज चढवला नाही. व्हरांड्यात तिच्या शेजारी बसले. "हे बघ पोरी, दोघांचंही आयुष्य समोर आहे. तो गाडीवरून पडला, तू गोळा फेकताना पडलीस. कुणावर केस नाही. तू पोलीस होशील, तोही होईल. विचार कर."

ते गेल्यावर ती पल्लवीच्या खाटेपाशी गेली.

"मी पायऱ्यांवरून पडले असं सांगितलंय," पल्लवी सुजलेल्या तोंडाने म्हणाली. "आता तुझ्यावरही काही येणार नाही. तूपण तेच सांग."

"आणि तो पोलीस झाल्यावर? त्याच्या चौकीत कुणी बाई असंच तोंड घेऊन आली, तर काय लिहून घेईल तो?"

"तुला मध्ये पडायला कुणी सांगितलं होतं?" पल्लवी एकदम ओरडली. टाके ताणले आणि ती कळवळली. "माझं मी बघितलं असतं!"

चांगुणा बाहेर आली. जबाब घ्यायला आलेल्या हवालदार बाई दाराशी उभ्या होत्या. वय पन्नाशीचं, चष्मा कपाळावर.

"लिहा," चांगुणा म्हणाली. तुटक्या दातांतून शब्द सुटत होते. "त्याने तिला हेल्मेटनं मारलं, मला पण. मी दोन घाव घातले. पहिला घातला नसता तर त्याने अजून मारलं असतं. दुसऱ्याची गरज नव्हती. तो बसला होता, रडत होता."

बाईंनी पेन थांबवलं. "हे दुसरं लिहायलाच पाहिजे असं नाही."

"तसंच झालं, म्हणून लिहा."

गुन्हे दोन्हीकडून दाखल झाले. मैदानावरच्या चाळीस जणांपैकी एकानेही काही पाहिलं नव्हतं. मोबाइलमधले व्हिडिओ पुसले गेले होते. गोरक्ष सर, त्यांचे प्रशिक्षक, हात जोडून म्हणाले, "बाकीच्या मुलांचे पालक घाबरलेत. काही दिवस येऊ नकोस." अकराव्या दिवशी सुयश एकटाच पोलीस ठाण्यात गेला आणि न पुसलेला व्हिडिओ देऊन आला. चांगुणाला त्याने फोन केला. नुसताच रडला.

पुढच्या भरतीच्या अर्जात तिने 'गुन्हा दाखल आहे' असंच लिहिलं. निवड होईल की नाही, कुणीच सांगू शकत नव्हतं. आईने पाड्यावरून विचारलं, "दात दुखत्यात का अजून?" नोकरीचं विचारलं नाही.

दोन महिन्यांनी देवळ्याहून पल्लवीचा फोन आला. "डाव्या कानाला काहीच ऐकू येत नाही. घरी स्थळं बघतायत. मला जबाब बदलायचा आहे. येशील?"

एसटी स्टँडवर दोघी भेटल्या. पल्लवी बारीक झाली होती, केस खांद्यापर्यंत कापलेले. पोलीस ठाण्यात त्याच हवालदार बाई होत्या. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "त्या दिवशीचं सांग."

"त्या दिवशीचं नाही," पल्लवी म्हणाली. "सुरुवातीपासून. पहिल्यांदा कॉलेजच्या पार्किंगमध्ये मारलं. मी त्याला सॉरी म्हणाले होते."

"कशाबद्दल?"



"आठवत नाही," पल्लवी म्हणाली, आणि दुसऱ्या वेळेचं सांगू लागली.