चहाआधी एक फेरा

शकुन गेल्याचं मनिरामला कळलं तेव्हा तो आसगावच्या बाजारात मासे तोलत होता. लेक ज्योत्सना भंडाऱ्याच्या दवाखान्यातून बोलत होती. "बाबा, आई गेली," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मनिरामनं फोन खिशात ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या बाईला विचारलं, "रोहू देऊ का कतला?" शेजारी सुकट मासळी घेऊन बसलेल्या कुंताबाईनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ती उठली आणि त्याच्या हातातला तराजू काढून घेतला.

तेरवी झाली. ज्योत्सना साकोलीला सासरी परत गेली. घरात मनिराम उरला आणि ओसरीच्या खांबाला बांधलेलं, अर्धवट विणलेलं जाळं उरलं.

फेकायचं जाळं होतं ते. मनिरामचा हात फेकण्यात, शकुनचा विणण्यात. असंच चालत आलं होतं. सकाळी उठली की चूल पेटवायच्या आधी ती खांबापाशी बसायची आणि जाळ्याचा एक फेरा विणायची. एकच. वेळ असला तरी दुसरा नाही. मनिराम तेव्हा खाटेवर पडून मोबाइल पाहायचा. कोण कुठं नाचून राहिलं, कुठं पूर आला, कोणाची म्हैस विहिरीत पडली.

"अवो, डोळे पुरते उघडले नाही अन् दुनिया पाहून राहिले," शकुन म्हणायची. "आधी आपला दिवस तर पाहा! तो आपल्या हातानं सुरू झाला पाहिजे. मंग कुठंबी जावो."

"अन् चहा?"

"फेरा झाल्यावर."

यंदा बंदी उठून तलाव मासेमारीला खुला होईल त्या दिवशी तुमच्या हातात हेच नवं जाळं असेल, असं तिनं सांगून ठेवलं होतं. मनिरामच्या डोक्यात आता तेवढंच होतं. जाळं पुरं करायचं, आणि त्या दिवशी सगळ्या गावासमोर तेच फेकायचं.

त्यानं बांबूची सुई उचलली. गाठ मारता त्याला येत होती. फाटकं जाळं कोण सांधत नाही? एका दमात उडवून टाकू म्हणून तो सकाळी बसला तो सांजेपर्यंत उठलाच नाही. जेवला नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी जाळं आणखी हातभर लांब झालं आणि तो गावातच राहणाऱ्या कुंताबाईला हाक मारून आला.

कुंताबाईनं जाळं उचललं, खाली सोडलं, आणि तोंडाला पदर लावला.

"भाऊजी, हे जाळं होय का पायजम्याचा पाय?"

"काहून?"

"शकुननं विणलं तेवढं कसं फुललं आहे पाहा. अन् तुमचं सरळ खाली. फेराफेराला जाळ्याचं घर वाढवलं नाही तर घेर येईन कुठून? ह्या लाल चिंध्या दिसल्या नाही का तुमाले?"

चिंध्या दिसल्या होत्या. शकुनच्या जुन्या लुगड्याचे बारीक तुकडे जाळ्यात जागोजागी बांधलेले होते.

"मले वाटलं, शोभेसाठी बांधल्या."

"शोभेसाठी! मासे का लग्नाले येऊन राहिले? चिंधी आली की तिथं एक घर जास्तीचं. घाईत हात पुढं पळते, म्हणून ती बांधून ठेवे. रोज एकच फेरा काहून घाले, ते आता समजलं का?"

मनिरामनं ब्लेड शोधून आणलं. त्यानं विणलेलं सगळं कापावं लागणार होतं, आणि ब्लेड शकुनच्या गाठींना लागलं तर? दोरा तोच, रंगही तोच. तो खांबापाशी बसला, डोळे मिटले आणि बोटं वर वर नेली. ढिली गाठ, ढिली गाठ, ढिली गाठ. मग एकदम घट्ट, ज्वारीच्या दाण्यासारखी. शकुन! इथपर्यंत ती होती. त्यानं त्या गाठीखाली ब्लेड चालवलं. तिची एकही गाठ तुटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मोबाइल तांदळाच्या डब्यात टाकला, झाकण लावलं आणि जाळ्यापाशी बसला. चिंधी आली की थांबायचा, जास्तीचं घर घ्यायचा, त्याला शकुनच्या लुगड्याची नवी चिंधी बांधायचा, मग पुढं. फेरा संपला तेव्हा अंगणात ऊन आलं होतं आणि कोंबड्या पायात घुटमळत होत्या. हे सगळं रोज असंच होत होतं? त्यानं चहा मांडला. तो चहा काय लागला म्हणून सांगावं!

मग तो उठायची वाटच पाहू लागला. आज घेर किती वाढेल, हे पाहायची घाई व्हायची, पण फेरा एकच. फेरा झाला की दिवसाची बाकी कामंही सरळ हाताला लागायची. डोंग्याच्या, त्याच्या लहान नावेच्या, बुडाला डांबर लागलं. अंगण झाडलं गेलं.

ज्योत्सनाचा एकदा दुपारी फोन आला. "बाबा, सकाळी फोन काहून उचलत नाही?"

"तांदळात राहते तो."

"बापा! पाण्यात पडला का?"

"नाही ओ बाई. चहा होईपर्यंत तिथंच ठेवतो."

"आईचा फेरा घालून राहिले का?"

"होय," मनिराम म्हणाला. "अन् फुलून राहिलं, पोरी! येऊन पाहा."

तलाव खुला व्हायला थोडेच दिवस उरले असताना घेर पुरा झाला. मनिरामला दम निघेना. त्यानं खालच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवल्या आणि जाळं खांद्यावर टाकून तलावावर गेला. त्याचा जोडीदार लिलाधर पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसून दात घासत होता.

"अबे मन्या, काठ आत दुमडून खिसे तर बांधले नाही तू. मासे थांबतीन कुठं?"

"मासे धरायले कोण आलं बे? फुलते का, तेवढं पाहू दे!"

त्यानं काठ दातात धरला, कंबर वळवली आणि फेकलं. जाळं हवेत उघडलं. गोल, पुरं गोल, परातीसारखं, लाल चिंध्यांसकट. सगळ्या गोळ्या एकाच वेळी पाण्यावर वाजल्या.

"वा रे वा!" लिलाधर ओरडला. "वहिनीचं जाळं!"

मनिराम गुडघाभर पाण्यात उभा राहून हसत होता आणि डोळे पुसत होता. ओढलं तेव्हा दोन-चार झिंगे निघाले, ते काठाखालून निसटून गेले.

"आज बसून काठ करून टाक," लिलाधर म्हणाला. "खुला होईल तवा हेच फेक."

"हेच फेकीन. पण आजचा फेरा झाला. बाकी उद्या, चहाच्या आधी."

जाळं आता फुलून उघडत होतं. काठाचे खिसे तेवढे बांधायचे राहिले होते.