सूत आणि सफेदा

अकरा मिनिटं. घड्याळ लावून बघा, अकराव्या मिनिटाला आमचा पंप पाणी सोडणार म्हणजे सोडणार. आधी धार बारीक होते, मग दोन उचक्या, मग मोटर नुसती कोरडी फिरल्याचा आवाज. की बंद करा, वरचं बूच काढा, बादलीनं पाणी भरा, आतली हवा निघाली की बूच आवळा, चालू करा. परत अकरा मिनिटं. चार दिवस हेच चाललं होतं आणि माझं डोकं पार फिरलं होतं.

विहीर उथळ, पाणी अगदी हाताशी, त्यामुळे विहिरीला नावं ठेवायचीही सोय नाही. शेडमध्ये टोमॅटोची सहा हजार रोपं ट्रेमध्ये उभी. एकेका रोपाखाली माती ती केवढी, चिमूटभर. ऊन चढलं की तासाभरात कोरडीठाक. दिवसातून तीनदा पाणी लागतं म्हणजे लागतंच. अर्धी रोपं माना टाकून गेली होती. उरलेली गेली की नर्सरीला कुलूप, मग मी आणि नवरा एकमेकांची तोंडं बघत बसायला मोकळे.

नवरा बादल्या वाहून वाकला होता. "तुझ्यापेक्षा हा पंप जास्त रुसतो गं," म्हणाला. एरवी हसले असते. त्या दिवशी म्हटलं, "गप बस, नाहीतर तुलाच ढकलीन विहिरीत."

मी काय करायचं ठेवलं होतं? पाइपच्या तळाची झडप नवी घातली. पंपातली पॅकिंगची दोरी बदलली. विहिरीतून पाणी ओढणाऱ्या पाइपला भोक असलं तर बाहेर थेंब दिसत नाही, तो हवा आत ओढतो. म्हणून पंप चालू ठेवून जॉइंटवर साबणाचा फेस लावायचा. फेस आत गेला की समजायचं, चोर सापडला. सगळ्या जॉइंटना फेस लावला. एक सोडून.

तो पंपाच्या तोंडाशी असलेला बेंड, म्हणजे वळणाचा तुकडा, बाबांनी मागच्या आठवड्यात बसवला होता. माझे वडील. चाळीस वर्षं पंपमिस्त्री, लोक त्यांना कानवाले मिस्त्री म्हणायचे, कारण पाइपला कान लावून ते दुखणं सांगायचे. त्यांच्या जॉइंटला साबण लावायचा? तोंडात मारल्यासारखंच की ते. आमच्या घरात असलं कुणी केलं नव्हतं.

तसं अलीकडे त्यांचं बिनसलं होतं. शर्टाची बटणं वरखाली लावायचे. परवा मला विचारलं, "आई अजून बाजारातून आली नाही?" आई जाऊन सहा वर्षं झाली. मी म्हटलं, येईल. आणि आत जाऊन रडले. पण मनाशी घट्ट धरून बसले होते की डोकं विसरलं तरी हात विसरणार नाहीत. कशाच्या जोरावर धरलं होतं कोण जाणे.

चौथ्या दिवशी दुपारी तीनला मी त्या बेंडला फेस लावला. त्यानं तो एका दमात गिळला.

पंप बंद केला, पाना लावून पाइप सोडवला. पाइपच्या टोकाच्या आट्यांवर सूत गुंडाळून वर फटी बुजवायचा पांढरा सफेदा फासला होता, अगदी निगुतीनं. फक्त सूत उलटं गुंडाळलं होतं. पाइप ज्या दिशेला आवळतो त्याच दिशेला सूत गुंडाळायचं, नाहीतर आवळताना ते उलगडत बाहेर येतं. मी दहा वर्षांची असताना बाबांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट. चुकले तेव्हा टपली मारली होती.

मागून सावली पडली. बाबा येऊन उभे होते. पाइप लपवायला हवा होता, सुचलंच नाही. त्यांनी तो हातात घेतला, नखानं सूत उकललं आणि भडकले.

"कोणी केलंय हे? कोण गाढव आलं होतं?"

मी पाना खाली ठेवला.

"बोल की! कुणाला हात लावू दिलास?"

"मीच केलं, बाबा."

"तू?" त्यांचा चेहरा पडला. "माझ्या हाताखाली शिकलीस ना गं? लोक काय म्हणतील, मिस्त्रीच्या पोरीला सूत गुंडाळता येत नाही? आण इकडे. नीट बघ."

ते उकिडवे बसले. आटे फडक्यानं पुसले, सुताचं टोक दातात धरलं आणि गुंडाळायला लागले. हात जराही कापत नव्हता. वेढ्याला वेढा लागत होता.

सूत उलटंच जात होतं.

मी त्यांच्या हातातून पाइप ओढून घ्यायला हवा होता. रोपं मरत होती. पण माझा हात उठला नाही, नाही म्हणजे नाहीच उठला. त्यांनी सफेदा फासला, पाइप बसवला, पाना माझ्याकडे दिला. "आवळ." मी आवळला. सूत उलगडून बाहेर लोंबायला लागलं. त्यांनी ते बोटानं पुसून टाकलं.

पंप भरला, बूच लावलं, चालू केला. "आली धार!" शेडमधून नवरा ओरडला. केवढा आनंद त्या आवाजात! बाबांनी पाइपला कान लावला, डोळे मिटले. मी घड्याळ बघितलं नाही.

धार बारीक झाली. दोन उचक्या आल्या. मोटर कोरडी फिरायला लागली.

बाबांचा कान तसाच पाइपला होता. मान डोलत होती.

"ऐक," ते म्हणाले. "आता हवेचं नाव नाही. कसा सुरात चाललाय बघ."

"हो, बाबा," मी म्हटलं आणि पंप बंद केला.