रोनानच्या वाटच्या शिट्ट्या

रोनान केराव्हेक म्हणजे त्या बंदराचा जीव की प्राण. इथल्याच संघाकडून खेळला, कप आणला, आणि मॅनेजर होऊन परतला तेव्हा कोळ्यांनी बोटींचे भोंगे वाजवून त्याचं स्वागत केलं. आता संघ पार तळाला गेला तरी त्याला कुणी चकार शब्दाने बोलत नव्हतं. पण हार कुणाच्या तरी माथी मारावीच लागते. ती बसली गोलकीपर मालोच्या माथी.

आज हरले तर संघ खालच्या गटात जाणार होता. पहिल्या अर्ध्यात एक साधा चेंडू मालोच्या हातून निसटला आणि गोल झाला. तेव्हापासून चेंडू त्याच्याकडे गेला रे गेला की सगळं मैदान शिट्ट्या मारत होतं. तिथे शिट्टी म्हणजे कौतुक नव्हे, चक्क शिवी.

मध्यंतरात मालोने हातमोजे काढून ठेवले. "कोच, मी नाही जात."

"दुसरा कीपर मनगट मोडून घरी बसलाय. मग कोण जाणार, मी?"

"जा ना. तुम्ही दहा गोल खाल्ले तरी तुमची गाणीच म्हणतील."

रोनानला ते झोंबलं, कारण ते खरं होतं.

"थोडा वेळ उभा राहा," तो म्हणाला. "मी बघतो काय ते."

खेळ सुरू झाला. रोनानने प्रेक्षकांना हाताने शांत राहायची खूण केली, तर त्यांना वाटलं हा रामराम करतोय. त्यांनी त्याच्या नावाचं गाणं धरलं, आणि लगेच मालोवर शिट्ट्या. मालो हातमोज्याचा पट्टा सोडू लागला. रोनान बाकाकडे वळला.

"लोइक, एर्वानला बाहेर काढ."

त्याचा जुना साथीदार आणि आताचा सहायक लोइक उडालाच. "डोकं फिरलंय का तुझं? कॅप्टन आहे तो! घरचा पोरगा! फाडून खातील तुला!"

"खाऊ देत की."

एर्वान हात न मिळवताच निघून गेला. मैदान गप्प झालं. मग कुणीतरी पुन्हा 'रोनान, रोनान' सुरू केलं. हेही माफ! या लोकांच्या प्रेमाला काही धरबंधच नव्हता.

रोनानने गळ्यातला संघाचा मफलर काढला, वर धरून सगळ्यांना दाखवला आणि चिखलात फेकला.

पहिली शिट्टी वरच्या रांगेतून आली. मग कानठळ्या बसल्या. आपण हे सोसू असं त्याला वाटलं होतं. सोसवेना. लहान मुलासारखं रडू येत होतं त्याला.

तेवढ्यात डावीकडून उंच चेंडू आला. गर्दीतून मालो उडाला आणि त्याने तो दोन्ही हातांनी छातीशी घेतला. त्याच्याकडे कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं. सगळी माणसं रोनानकडे वळून शिट्ट्या मारत होती. चेंडू कवटाळून मालो एकटक त्याच्याकडे बघत राहिला.

"माझ्याकडे काय बघतोस, गाढवा?" रोनान ओरडला. "खेळ!"