एकवीस भांडी, एकवीस तोंडं

देवानंदचं घर कायमचं सोडून मी देऊळघाटला माहेरी परत आले, तेव्हा माझ्याजवळ कपड्यांची एक पिशवी होती. लग्नात बापाने आंदण म्हणून दिलेली एकवीस भांडी तिकडेच राहिली. बैठकीला बसलेल्या पाच शहाण्यांनी निवाडा केला की ज्या भांड्यावर ज्याचं नाव, ते भांडं त्याचं. आणि हंड्यापासून झाऱ्यापर्यंत एकूणएक भांड्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत देवानंदचं नाव होतं.

ते कुणी टाकायला लावलं? माझ्याच बापाने. आमच्याकडे पोरीच्या आंदणावर जावयाचं नाव टाकतात, त्यात जावयाचा मान असतो म्हणे. माझा बाप जानराव, जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस. दर जयंतीला विहारात समतेवर असा बोलतो की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. धाकट्या पोरीचं नाव त्याने हौसेने समता ठेवलं. आणि हाच माणूस दुकानात उभा राहून माझ्या भांड्यांवरचं नाव सांगत होता, एकेक अक्षर सुटं करून, चूक होऊ नये म्हणून.

पुढे मला काम मिळालं तेही बुलडाण्याच्या एका भांड्यांच्या दुकानात, नावं टाकायचं. आता बोला! पेनाएवढी मशीन, पुढे थरथरणारी सुई, दिवसभर कानात घूं घूं. आठ वर्षं मी हजारो भांड्यांवर बाप्यांची नावं टाकली. बाईचं एकटीचं नाव यायचं ते ती मेल्यावर, तिच्या स्मरणार्थ कुणी ताटं वाटली तर. जिवंतपणी तिने ती ताटं नुसती घासायची.

दोन वर्षांपूर्वी फोनवर एक व्हिडिओ आला. दूर समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर एक माणूस लाकडाच्या ओंडक्यातून तोंडं कोरत होता. कपाळाला आठ्या, डोळे वटारलेले, जबडा कानापर्यंत फाकलेला आणि दात सगळे बाहेर. याला टिकी म्हणतात, असं खाली लिहिलं होतं. त्यांच्या वाडवडिलांची तोंडं ती. मी तो व्हिडिओ दहादा पाहिला. मला जन्मभर कुणी ना कुणी सांगत आलं होतं, हळू हस, दात दाखवू नको, नजर खाली ठेव. आणि ही तोंडं कुणाच्या बापाला भीत नव्हती. खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला.

मग मीही काढायला लागले. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पाठकोऱ्या कागदावर. त्यांचे वाडवडील त्यांच्यापाशी राहू देत, मी आमच्या बाया काढल्या. पसरट नाक माझ्या आजीचं, हनुवटीवरचं गोंदण आत्याचं, वटारलेले डोळे माझे स्वतःचे. हात बसला तसं माझ्या जेवणाच्या डब्यावर एक कोरलं. मग पाण्याच्या बाटलीवर, तांब्यावर, आणि पोळपाटाच्या पाठीवर चक्क लाल रंगाने.

"काय भुतं काढून राह्यली वं घरभर?" बाप करवादला. शेजारणी मात्र आपापले भाताचे गंज आणि डबे घेऊन यायला लागल्या. "माह्या गंजावर काढ," एक म्हणाली, "अन् थोडं सासूसारखं दिसू दे."

याच सुमारास समताचं लग्न नांदुऱ्याच्या प्रेमशी ठरलं. प्रेम कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, पोरगा सरळ. पण लग्नाआधी देवानंदही सरळच होता. बापाने आमच्याच दुकानातून एकवीस भांडी घेतली आणि मला बजावलं, "प्रेमचं नाव टाकजो. पूर्ण, बापाच्या नावासकट."

"बाबा, माह्या भांड्याइचं काय झालं, विसरले का तुमी?"

"तुह्या नशिबाचं समताले काऊन लावतं?"

नशीब! रोज सकाळी पंचशील म्हणणारा माझा बाप नशिबावर आला होता. मी वाद घातला नाही. चार दिवस दुपारी समताला दुकानात जवळ बसवलं आणि एकवीस भांड्यांवर एकवीस तोंडं काढली. कुणाचंच नाव टाकलं नाही. हे तोंड पाहिलं की भांडं समताचं, एवढं जगाला कळलं तरी पुरे, असं आम्हा दोघींना वाटलं. तीच आमची चूक, नावाची जागा रिकामी राहिली.

"ताई, मलेच भेव लागते हिचं," परातीवरच्या तोंडाकडे बघून समता म्हणाली आणि दुकानदार वळून बघेल इतक्या मोठ्याने हसली.

भांडी मी दुकानातच ठेवली. बापाने ती पाहिली ती थेट लग्नाच्या सकाळी, तेव्हा त्याला ओरडायलाही फुरसत नव्हती.

विहारापुढच्या मांडवात आंदण मांडलं होतं. कोपऱ्यात सतरंजीवर मी मशीन घेऊन बसले होते, कारण लग्नात कुणी ना कुणी बिननावाचं भांडं आणतंच, आणि देणाऱ्याला त्यावर आपलं नाव हवंच असतं. वंदना सुरू व्हायला थोडा वेळ होता. प्रेमचे वडील महादेवराव आंदण बघायला आले, मागोमाग डोक्यावर पदर घेतलेल्या त्यांच्या बायको रेणुकाबाई. महादेवरावांनी हंडा उचलला, फिरवून पाहिला आणि टेबलावर आदळला.

"इवाई, हे काय हाय? आपुन देव सोडले, भुतं सोडले, अन् तुमी पोरीसंगं राक्षस धाडून राह्यले?"

व्याह्यांचा सवाल बापाला होता, तो आदळलेला हंडा सरळ करू लागला. मी उठले. "राक्षस नाही ते, मामा. बायाइचे तोंडं हायेत."

"पोराचं नाव कुठी हाय?"

"नाही टाकलं."

"काऊन?"

"भांडे समताचे हायेत म्हणून."

महादेवराव माझ्याशी बोलायचंही टाळून बापाकडे वळले. "इवाई, या पोरीनं सोताचं घर मोडलं, आता भैनीचं मोडाले बसली. तिच्यापाशी मशीन हाय ना? मंग टाका नाव आत्ताच. नाव पडल्याबिगर माह्या पोराचं लगन लागनार नाही." आणि ते खुर्ची ओढून बसले, शेजारी रेणुकाबाई.

माझ्या बापाने त्यांच्यापुढे हात जोडले, मग माझ्यापुढे जोडले. "टाक बेटा. माही इज्जत जाऊन राह्यली." विटा उचलून उचलून राठ झालेले ते हात त्याने खाली घेतलेच नाहीत. मला कणव आली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त संताप आला.

"नाही टाकत, बाबा. माह्या भांड्याइवर तुमी त्याचं नाव टाकलं तवा मी गप राह्यली. आता मलेच मशीन धराले सांगता?"

प्रेम पांढऱ्या कपड्यांत अवघडून जवळ आला. त्याला भांडण नको होतं, त्याला फक्त लग्न हवं होतं. "ताई, टाकून द्या ना. नुसतं नाव तं हाय. त्यानं काय फरक पडते?"

"फरक पडत नाही?"

समता बोलली होती. पांढरी साडी सावरत ती मांडवाच्या मधोमध उभी राहिली होती, नवरीने बसून राहायचं असतं हे विसरून.

"नाही पडत," प्रेम म्हणाला.

"मंग माह्यं टाकू दे."

प्रेमने बापाकडे पाहिलं, भांड्यांकडे पाहिलं, मान खाजवली. आता हा बापामागे लपणार, अशी माझी खात्री होती. माझी ही एक खात्री खोटी ठरली, आणि बरं झालं ठरली.

"टाका," तो पुटपुटला.

"मोठ्यानं बोल," समता म्हणाली, "मागच्याइले ऐकू नाही गेलं."

"समताचं नाव टाका!" तो असा ओरडला की मांडवामागे वरण ढवळणारा आचारी डोकावून गेला.

मी सतरंजीवर बसले, हंडा मांडीशी घेतला आणि तोंडाच्या हनुवटीखाली टाकलं, समता. बापाचं नाव नाही, नवऱ्याचं नाही. मग कळशी, मग परात. घूं घूं आवाजाखेरीज मांडवात काही ऐकू येत नव्हतं. बाप तिथेच उभा होता, पण त्याने मला अडवलं नाही.

महादेवराव खुर्ची मागे लोटून उठले. "मी चाललो नांदुऱ्याले. ज्याले यायचं त्यानं या." मग बायकोकडे बघून म्हणाले, "चाल वं."

रेणुकाबाई उठल्या. आल्यापासून ही बाई एक शब्द बोलली नव्हती. झालं, म्हटलं, वरमाय गेली की लग्नात काय उरतं? माझा हात थांबला. रेणुकाबाई नवऱ्याच्या जवळून निघाल्या, त्यांना मागे टाकून पुढे आल्या आणि गुडघ्यावर हात टेकत माझ्यासमोर सतरंजीवर बसल्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून सुपारीचा स्टीलचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. झाकणावर ठिपक्यांच्या अक्षरांत महादेवरावांचं नाव होतं, तीसेक वर्षांच्या घासण्याने झिजलेलं, तरी वाचता येईल असं.

"हा डबा माह्या बापानं मले देला व्हता," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज सगळ्या मांडवाने ऐकला. "याच्यावर माह्यं तोंड काढ."

"नावाच्या बाजूनं काढू, मामी?"

"बाजूनं काऊन? नावावरूनच काढ. अन् दात मोठे काढजो. एक अक्षर दिसाले नाही पाहिजे."

महादेवराव अजून तिथेच उभे होते. मी झाकण गुडघ्यावर घट्ट धरलं, सुई त्यांच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर ठेवली आणि दात कोरायला घेतले.